दहा आठवड्यांचा परदेशी करार: सही करण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुतण्या 22 वर्षांचा, उंची 6 फूट 7 इंच, वजन 92 किलो. भुसावळला शिकतो, विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून आंतरविद्यापीठ पश्चिम विभाग स्पर्धा खेळला आहे. आग्नेय आशियातल्या एका व्यावसायिक लीगमधल्या क्लबचा दहा आठवड्यांचा करार आला आहे. महिना 1500 डॉलर, राहणं-खाणं क्लबकडे. मध्यस्थ ‘व्हिसा आणि नोंदणी’ म्हणून अडीच लाख रुपये आगाऊ मागतो आहे. जावं की नाही?

अडीच लाख देऊ नका, आणि आत्ता हातात आहे त्या कागदावर सहीही करू नका. जाण्याची कल्पना मात्र वाईट नाही. कागद दुरुस्त झाला आणि पोराची पुढची दोन महिन्यांची तयारी नीट झाली, तर जरूर जावं.

आधी पैशांचं बघू. दहा आठवडे म्हणजे अडीच महिने धरले तरी एकूण 3750 डॉलर. हिशेबाला डॉलर 85 रुपयांचा धरला तर 3 लाख 18 हजार 750 रुपये. त्यातून अडीच लाख आधीच गेले तर उरले 68 हजार 750, आणि तेही सगळे पगार वेळेवर मिळाले, तिथला कर क्लबने भरला आणि पोराला मध्येच परत पाठवलं नाही तर. खऱ्या धंद्यात एजंटाची फी साधारण कराराच्या 10 टक्के असते. इथे ती 375 डॉलर, म्हणजे 32 हजारांच्या आतच होते. बहुतेक वेळा ती क्लब देतो, आणि खेळाडूचा पगार सुरू झाल्यावर देतो. वर्क परमिट काढणं आणि तिथल्या फेडरेशनकडे नोंदणी करणं हे क्लबचं काम आणि क्लबचा खर्च. खेळाडूकडून आगाऊ रक्कम घ्यायची या व्यवहारात कुठेच जागा नाही.

मध्यस्थाची परीक्षा सोपी आहे. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, एजंटांना परवाना देतो आणि परवानाधारकांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येते. त्यात नाव नसेल तर तो माणूस कुणाच्या तरी वतीने काम करतो आहे. मग त्या ‘कुणाचं’ नाव आणि परवाना मागा. दुसरं, क्लबचा ई-मेल क्लबच्या स्वतःच्या डोमेनवरून आला आहे का ते बघा आणि त्या देशाच्या बास्केटबॉल फेडरेशनला थेट दोन ओळींचं पत्र टाका: हा क्लब चालू हंगामात नोंदलेला आहे का, आणि परदेशी खेळाडूची जागा रिकामी आहे का. तिसरं, व्हिसा कोणता ते लेखी घ्या. ‘आधी टुरिस्टवर या, मग बदलू’ असं उत्तर आलं तर विषय तिथेच संपवा. टुरिस्ट व्हिसावर पगारी खेळ बेकायदेशीर ठरतो, आणि पगार थकला तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमार-कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याची प्रकरणं घडली आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. उंच पोरगा दिसला म्हणून ही मंडळी त्याला बास्केटबॉलच्या नावाने बोलावणार नाहीत, असं समजू नका.

पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी परवानगी लागेल असा, शिक्का नाही ना, तेही तपासा. दहावी पास असेल तर लागायला नको. लागला असेल तर गुणपत्रिका दाखवून काढून घ्या, कारण थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया हे देश इमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या यादीत आहेत. आणखी एक आपल्याकडची हमखास भानगड म्हणजे नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘भाऊ’ किंवा ‘राव’ चिकटलेलं. नोंदणी, व्हिसा, तिकीट आणि करार या चारही ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव अक्षरशः तसंच गेलं पाहिजे. एका अक्षराने परवाना चार दिवस अडतो, आणि दहा आठवड्यांत चार दिवस म्हणजे एखाद-दोन सामने.

आता मूळ मुद्दा. परदेशी खेळाडूला क्लब शिकवायला आणत नाही. त्याच्या संघात आज एक भोक पडलेलं असतं: कुणी जखमी झालं, कुणी करार मोडून गेलं, किंवा आणलेला परदेशी खेळाडू पहिल्या तीन सामन्यांत चालला नाही. ते भोक बुजवायला माणूस हवा असतो, तोही पुढच्या शनिवारी. देशोदेशी परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये एका संघाला तीनच. फिलिपिन्सच्या पीबीएमध्ये, जी 1975 पासून चालू आहे, काही स्पर्धांत संघाला एकच परदेशी खेळाडू मिळतो आणि फिलिपिनो कपमध्ये तर एकही नाही. एकच जागा असली की तिच्यावर बसलेल्याकडून क्लबची अपेक्षा काय असणार? स्थानिक खेळाडू 8 गुण करून ‘बरा खेळला’ ठरतो. परदेशी 14 गुण आणि 7 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) करून ‘बदला याला’ ठरतो.

त्यामुळे छोटा मुक्काम म्हणजे फजिती असं आधीच ठरवू नका. या खेळात तो नेहमीचाच प्रकार आहे, मोठ्यांनाही चुकलेला नाही. अ‍ॅलन आयव्हरसन 2010 मध्ये तुर्कस्तानच्या बेशिक्ताशकडे दोन वर्षांच्या करारावर गेला आणि दहाच सामने खेळून पोटरीच्या दुखण्याने परतला. लामेलो बॉल 2019-20 च्या हंगामात ऑस्ट्रेलियात इलावारा हॉक्सकडून फक्त 12 सामने खेळला, पायाला लागलं म्हणून थांबला, आणि 2020 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. बारा सामन्यांची चित्रफीत पुरली. आपल्या अमृतपाल सिंगने 2017-18 मध्ये सिडनी किंग्जची जर्सी घातली. एनबीएलमध्ये खेळणारा तो पहिला भारतीय. मिनिटं थोडी मिळाली, पण त्याआधी तो जपानमध्ये व्यावसायिक खेळून आला होता, हे लोक विसरतात. अमज्योत सिंगही जपाननंतरच 2017 मध्ये अमेरिकेच्या जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे गेला. पायऱ्या चढत गेलेली ही माणसं आहेत, आणि दोघंही तुमच्या पुतण्यापेक्षा उंच.

इथेच सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि ती उंचीची आहे. जळगाव-धुळ्याच्या मैदानावर 6 फूट 7 इंच म्हणजे सेंटर. बास्केटकडे पाठ करून उभं राहायचं, चेंडू मागायचा, दोन ड्रिबल, वळून टाकायचा. समोर सहा फुटी पोरगा असतो, चालून जातं. परदेशी जागेवर येणारा सेंटर 6 फूट 10 च्या पुढचा आणि 110 किलोच्या आसपासचा असतो. त्या गर्दीत 92 किलोचा 6 फूट 7 म्हणजे विंगचा, बास्केटपासून दूर बाजूने खेळणारा खेळाडू. म्हणजे त्याला चौथ्या, बऱ्याचदा तिसऱ्या नंबरवर, म्हणजे फॉरवर्डच्या जागांवर, खेळावं लागेल: 6.75 मीटरवरून थांबून तीन गुणांचा फटका, चपळ गार्डला (चेंडू घेऊन येणाऱ्या छोट्या खेळाडूला) अडवत बाजूला सरकणं, वेगाने धावणाऱ्याला वळवणं. ज्या खेळाने तो इथे मोठा झाला, तो खेळ तिथे कामाचा नाही. पंधरा वर्षांच्या वयापासून त्याला उंच म्हणून बास्केटखाली उभं केलं असेल तर दोन महिन्यांत तो पूर्ण विंग होणार नाही. पण दोन गोष्टी जमू शकतात. कोपऱ्यातून, जिथे फिबाच्या मैदानावर रेषा 6.60 मीटरवर येते, तिथून रोज 250 फटके, धावत येऊन चेंडू झेलून, आणि दमल्यावर. दहातले चार पडू लागले तर संरक्षकाला त्याच्यापाशी यावं लागेल. आणि स्क्रीन लावून, म्हणजे आपल्या चेंडूवाल्याला मोकळं करायला त्याच्या संरक्षकाच्या वाटेत स्थिर उभं राहून, मग बास्केटकडे घुसणं, ज्याला सगळे पिक अँड रोल म्हणतात. स्क्रीन लावताना पाय खांद्यांपेक्षा रुंद, अंगाची हालचाल बंद, आणि चेंडूवाला खांद्याला खांदा घासून जाईपर्यंत वळायचं नाही. आपल्याकडची मुलं अर्धा क्षण आधी सुटतात किंवा नितंब पुढे सारतात. पहिल्यात स्क्रीन लागतच नाही, दुसऱ्यात फाउल. पाच फाउल झाले की बाहेर, अशा खेळात पहिल्या क्वार्टरला दोन गेले की परदेशी खेळाडू बाकावर, आणि मालक गॅलरीत घड्याळ बघत बसलेला.

संरक्षणात पिक अँड रोलला काय करायचं याचे चार प्रकार त्याला डोळे मिटून यायला हवेत: मागे थांबून बास्केट राखणं, पुढे झेपावून परत येणं, माणूस बदलणं, आणि चेंडूवाल्याला बाजूच्या रेषेकडे ढकलणं. प्रशिक्षक पहिल्याच सरावात इंग्रजीत ओरडेल ‘ड्रॉप’, ‘हेज’, ‘स्विच’, ‘आइस’. समजून घ्यायला पाच सेकंद लागले तर समोरच्याने दोन गुण केलेले असतात. तोंडाने बोलणंही सरावात बसवा. आपली उंच मुलं मैदानावर मुकी असतात. सेंटर-फॉरवर्डला सगळं मैदान दिसतं, म्हणून डावी-उजवी स्क्रीन त्यानेच ओरडून सांगायची असते. इंग्रजी चांगलं असण्याची गरज नाही, पंधरा-वीस शब्द मोठ्याने आणि वेळेवर यायला हवेत. नियम तेच, फिबाचे, त्याची काळजी नको.

फरशीचाही विचार करा. खान्देशात बहुतेक सराव सिमेंटवर, तोही मोकळ्या हवेत. तिथे सगळं लाकडी फरशीवर. लाकडावर बुटाची पकड जास्त बसते, पाय थांबतो पण गुडघा पुढे जातो. पहिल्या दोन आठवड्यांत घोटे मुरगळतात ते बहुतेक यामुळेच. जायच्या आधी तीन आठवडे तरी जळगाव, नाशिक किंवा पुण्यात जिथे लाकडी हॉल मिळेल तिथे सराव लावा. सिमेंटवर घासलेले जुने बूट तिकडे नेऊ नका. दोन नवे जोड घ्या आणि इथेच आठवडाभर हॉलमध्ये वापरून मऊ करा. तंदुरुस्तीची एक सरळ कसोटी: मैदानाच्या रुंदीत, म्हणजे 15 मीटरमध्ये, 17 फेऱ्या. उंच खेळाडूने 65 ते 68 सेकंदांत संपवाव्या, आणि दोन मिनिटं थांबून तीनदा. तिसरी 75 च्या वर गेली तर तो चौथ्या क्वार्टरला उपयोगाचा नाही, आणि तिथले लोक त्याला पहिल्या आठवड्यातच पळवून बघणार.

वैद्यकीय तपासणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी होते. हृदयाचा ईसीजी आणि इको, दोन्ही गुडघ्यांचा एमआरआय, रक्त. इथूनच करून घ्या. काही निघालंच तर ते भुसावळात कळलेलं बरं, कारण तिथे नापास झाला तर परतीचं तिकीट कोणाच्या खिशातून हा वाद उभा राहतो. जुनी दुखापत लपवू नका, लपवलेली दुखापत हे करार रद्द करायचं आयतं कारण असतं.

औषधांबद्दल मात्र कडक राहा, पोराचं करिअर इथेच जाऊ शकतं. 2015 मध्ये डॅलस मॅव्हेरिक्सने ड्राफ्टमध्ये 52 व्या क्रमांकावर निवडलेल्या सतनाम सिंगवर 2020 मध्ये नाडाने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, हायजेनामिनसाठी दोन वर्षांची बंदी घातली. हा पदार्थ ‘फॅट बर्नर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडर-गोळ्यांत सापडतो. आपल्या मेडिकल स्टोअरमध्ये सर्रास मिळणाऱ्या खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, तेही बंदी यादीत आहे. सोमलता असलेल्या आयुर्वेदिक काढ्यांत एफेड्रिन येतं. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी 1 जानेवारी 2024 पासून स्पर्धाकाळात बंद आहे, आणि गुडघा दुखला की डॉक्टर ठोकतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन 2022 पासून. प्रोटीनसाठी डाळ, अंडी, दूध, सोयाबीन यांवर 92 किलोच्या मुलाचे दिवसाला 150 ते 180 ग्रॅम बसवता येतात. घरात माळकरी असतील तर सोयाबीन-पनीरवर जास्त भर द्यावा लागेल. पावडर घ्यायचीच तर तुकडीनिहाय तपासणी झालेलीच. (केळी खायला हरकत नाही, फक्त रावेरची चव शोधत बसू नये.)

आता करार. त्यात ‘पगार हमी’ आहे का ते पहिलं वाक्य वाचा. आता आलेल्या कागदात क्लबला ‘समाधानकारक कामगिरी न झाल्यास कोणत्याही दिवशी’ करार संपवता येतो असं लिहिलं आहे. हे काढायला सांगा. क्लब पूर्ण हमी देणार नाही, नवख्याला कुणीच देत नाही. मधला मार्ग असा की उतरल्यापासून 10 दिवसांची चाचणी, ती संपल्यावर उरलेल्या आठवड्यांची पूर्ण हमी, आणि चाचणीत नापास केल्यास दोन आठवड्यांचा पगार व परतीचं तिकीट. पगार दर पंधरवड्याला, पहिला हप्ता वैद्यकीय तपासणी पास झाल्याच्या तीन दिवसांत. पगार 10 दिवस थकला तर खेळाडू सराव-सामने थांबवू शकतो, 20 दिवस थकला तर तो करार सोडून जाऊ शकतो आणि उरलेली पूर्ण रक्कम देय होते, हे शब्द करारात असावेत. रक्कम ‘करानंतर हातात’ अशी लिहा, नाहीतर 1500 चे 1200 होतात. खेळताना दुखापत झाली तर उपचार, एमआरआय, शस्त्रक्रिया लागल्यास ती, आणि कराराच्या शेवटापर्यंतचा पगार क्लबचा. विम्याची प्रत मागा, नुसती ‘विमा आहे’ ही ओळ पुरत नाही. परतीचं तिकीट खुल्या तारखेचं, आणि करार कसाही संपला तरी क्लबचं.

वाद झाला तर कुठे जायचं, हे कलम सगळ्यात महत्त्वाचं. तिथल्या स्थानिक न्यायालयात भुसावळहून कोण लढणार? करारात बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलचं, म्हणजे बॅटचं, कलम घाला. 2007 मध्ये फिबाने सुरू केलेला हा लवाद जिनेव्हात आहे, काम इंग्रजीत आणि बहुतेक सगळं कागदांवर चालतं, आणि लवादाचा निर्णय क्लबने पाळला नाही तर फिबा त्या क्लबला नवे परदेशी खेळाडू नोंदवायला बंदी करू शकतं. फुकट नाही, दावा लावायची फी असते, म्हणून 3750 डॉलरच्या करारात प्रत्यक्ष दावा परवडेलच असं नाही. पण कलम पाहूनच क्लब पगार थकवायला कचरतात. जो क्लब हे कलम नाकारतो, त्याने का नाकारलं ते सांगायची गरज नसते.

फिबाचं लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे दुसऱ्या देशात खेळायला मोकळा असल्याचं पत्र, मिळाल्याशिवाय तो मैदानात उतरू शकत नाही. तिथली फेडरेशन फिबाच्या ऑनलाइन प्रणालीतून आपल्या बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाकडे मागणी करते, इकडून सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इथे त्याचा कुठल्या क्लबशी करार चालू नसेल तर अडायला कारण नाही, पण राज्य संघटनेला आधीच लेखी कळवून ठेवा. नाहीतर अर्ज कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो. हाच कागद उलटही अडवू शकतो. 2011 मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादात एनबीए बंद पडली तेव्हा जे. आर. स्मिथ, विल्सन चँडलर वगैरे चीनला गेले. चिनी लीगने मध्येच सुटण्याचं कलम मान्य केलं नव्हतं. डिसेंबरमध्ये एनबीए सुरू झाली तरी ते तिकडच्या संघाचा हंगाम संपेपर्यंत अडकून पडले. म्हणून करारात लिहून घ्या: करार संपल्यापासून 48 तासांत क्लब क्लिअरन्सला संमती देईल.

ही तारखांची गोष्ट घरच्यांसाठी जास्त गंभीर आहे. रेल्वे, पोलीस किंवा बँकेच्या क्रीडा कोट्यावर नजर असेल, आणि भुसावळात रेल्वेवर नजर नसणारं घर विरळाच, तर वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेतला सहभाग हा त्याचा पुरावा असतो. दहा आठवड्यांत ती स्पर्धा बुडत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हा करार सोडा, पुढच्या हंगामाला दुसरा येईल. 1500 डॉलरसाठी कोट्याचं प्रमाणपत्र घालवणं परवडत नाही. महाविद्यालयाकडून हजेरीची लेखी सवलतही आधी घ्या.

पाठवायचं ठरलं तर क्लबला पुढे दाखवायला दोन पूर्ण सामन्यांची चित्रफीत आत्ताच तयार करा. रीळसाठी कापलेले डंक, म्हणजे उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये घातल्याचे तुकडे, नकोत. मोबाइल तिपाईवर, मैदानाच्या मधोमध, गॅलरीच्या उंचीवरून, दहाही खेळाडू दिसतील असा. परतताना तिथल्याही सगळ्या सामन्यांच्या चित्रफिती, अधिकृत आकडेवारी, पगाराच्या पावत्या आणि तिथे कापलेल्या कराचं प्रमाणपत्र घेऊनच विमानात बसायचं. वर्षभरात 182 दिवसांहून जास्त भारतात राहिलेला माणूस इथल्या करासाठी निवासीच ठरतो, त्यामुळे तिथली कमाई इथल्या विवरणपत्रात दाखवावी लागते, आणि तिथे भरलेल्या कराची वजावट ते प्रमाणपत्र असेल तरच मिळते. जळगावच्या सीएला हे निघायच्या आधी विचारा, मार्चनंतर नाही.